अडलेला माणूस काय लिहील?

माझ्या बायकोच्या दुकानाची पहिली वेबसाइट मी स्वतः केली होती, आणि ती अतिशय देखणी झाली होती असं माझं आजही मत आहे. उघडली की आधी एक कमळ उमलायचं, मग सनईचे सूर, मग सोनेरी अक्षरांत ‘सुस्वागतम्’. त्याखाली माणूस आणि यंत्र यांच्या अतूट नात्यावर माझा मजकूर. शिलाई मशीनच्या चाकात मी कालचक्र पाहिलं होतं. सुनंदाने, म्हणजे बायकोने, तो वाचून इतकंच विचारलं, “हे माझ्याच दुकानाचं आहे ना?”

तिचं दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. विद्या तिच्या सांगलीच्या वडिलांची, दुकान साताऱ्यात, आणि मी पतसंस्थेत कारकून असल्यामुळे घरातला लेखक.

वेबसाइट सुरू झाल्यावर दुकानात आलेला पहिला माणूस खांद्यावर आख्खं मशीन घेऊन आला. उंच, काटक, पांढऱ्या मिशा, पायात पॉलिश केलेले बूट आणि कपाळावर घामाचे ओहोळ. मशीन त्याने टेबलावर टेकवलं, दम घेतला आणि मला विचारलं,

“वेबसाइट तुमीच केलीया काय?”

मी नम्रपणे हो म्हणालो. कौतुक ऐकायला मान थोडी कललीच होती.

“लय झ्याक हाय. कमळ फुललं, सनई वाजली. पर तिच्यात दुकान कुठाय?”

मी पत्ता लिहिला होता ‘ऐतिहासिक सातारा नगरीच्या मध्यवर्ती भागात’. फोन नंबर लिहायचा राहिला होता. हा माणूस मध्यवर्ती भागातली प्रत्येक गल्ली त्या ओझ्यासकट पालथी घालून शेवटी एका टेलरला विचारत आला होता. “आणि तुमची सनई वाजली तवा मी मयताच्या घरी बसलो होतो,” तो म्हणाला. “मंडळीचं मशीन बंद पडलं म्हून तितंच फोन उघडला. समदी माज्याकडं बघाया लागली.”

सुनंदा हसत हसत मशीन उघडायला लागली. मी पाणी आणायला आत गेलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ आतच राहिलो.

हे सुभेदार बरकडे. माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीचे. उमेदीची सगळी वर्षं सैन्यात वायरलेसवर गेली. रिटायर झाल्यावर त्यांच्याबरोबरचे लोक सिक्युरिटीत गेले, कुणी शेती धरली. यांनी साताऱ्यात सायकल दुकानाच्या माडीवर एक खोली घेतली आणि लोकांच्या धंद्याच्या वेबसाइट करायला लागले. कुठे शिकलात असं विचारलं की म्हणायचे, “शिकायचं काय त्यात? निरोप पोचवायचा. जन्मभर त्येच केलंय.”

वायरलेसची सवय अंगात इतकी मुरली होती की साध्या फोनवरही बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचे आणि पलीकडचा बोलेपर्यंत श्वास धरून थांबायचे. त्यांच्या मंडळी भाजी काय आणू विचारायच्या, तर हे, “मेथी. ओव्हर.”

त्यांची काम करायची पद्धत अशी की वेबसाइट करायची म्हटलं तरी आधी कॉम्प्युटर उघडायचाच नाही. दुकानात येऊन नुसतं बसायचं. आमच्याकडे असेच येऊन बसले. फोन वाजला की कान टवकारायचे. बायका काय विचारतात, कुठल्या शब्दांत विचारतात. ‘टाका सुटतोय’, ‘दोरा सारखा तुटतोय’, ‘खालनं गुंता होतोय’, ‘घरी येऊन बघता का’. माझं कालचक्र गेलं, कमळ मिटलं. पानाच्या अगदी वर आलं: ‘शिलाई मशीन बंद पडलंय? फोन करा.’ खाली नंबर, मोठा, बोट लावलं की लागणारा. मग दुकान कुठल्या चौकात, कुणाच्या समोर, रिक्षा कुठपर्यंत येते. आणि मग बायकांच्या त्या सगळ्या तक्रारी, एकेकीखाली सुनंदाचं साधं उत्तर.

“आवं, माणूस वेबसाइटवर हिंडाया येत न्हाई,” ते मला समजवायचे. “कुटंतरी अडलाय म्हून येतो. एका हातात पिशवी, डोक्यावर ऊन, फोनची काच तडकल्याली. तवा त्यो काय लिहील? ‘माणूस आणि यंत्र’ लिहील का?”

“आणि सर्च?” मी विचारलं. मी कुठेतरी वाचलं होतं की सर्चला खूश ठेवण्याची वेगळी विद्या असते.

“सर्च म्हंजी देव न्हवं गड्या, निरोप्या हाय. अडल्याल्या माणसाचा निरोप घिऊन दारात येतो. त्याला कमळ दावून काय उपेग? सरळ सांगायचं, आमच्याकडं ह्ये हाय, ह्ये न्हाई. पुढच्या बारीला त्यो निरोप्या आपसूक आपल्याच दारात येतो.”

आला. गर्दी झाली नाही, पण फोन वाजायला लागला. कोरेगावातून, रहिमतपुरातून बायका मशीनं पाठवायला लागल्या. घरातल्या लेखकाची किंमत मात्र उतरली ती उतरलीच. तरी सुभेदारांनी मला सोडलं नाही. त्यांना शुद्धलेखनाची धास्ती होती. प्रत्येक वेबसाइटचा मजकूर माझ्याकडे आणायचे आणि मला ‘लेखक’ अशीच हाक मारायचे. मी काना-मात्रा सुधारताना एखादं विशेषण हळूच घुसवायचो. ते दुसऱ्या दिवशी शोधून काढायचे. “लेखक, ह्यो ‘अविस्मरणीय’ कुणी आणला हितं? टायर पंक्चरचं दुकान हाय त्ये.”

एकदा मला सांगलीला घेऊन गेले. सासुरवाडीच्या गल्लीतच चौगुले अण्णांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातली पाण्याची मोटर जळाली की तिथे न्यायची. अण्णांना वेबसाइटवर स्वतःचा फेट्यातला फोटो हवा होता, पानभर. खाली ‘अग्रगण्य’, ‘नामांकित’ आणि सत्काराचे आणखी फोटो.

सुभेदारांनी बघून घेतलं. मग दुकानातली एक जळकी मोटर उचलून अण्णांच्या कवेत दिली.

“धरा. आता तुमी शेतकरी. ऊस वाळाय लागलाय, मोटर ही अशी जळाल्याली. ह्या हातानं फोन काढा आणि तुमचीच वेबसाइट बघा.”

अण्णा मोटर सावरत फोनवर बोट फिरवायला लागले. फेटा सरकेचना.

“सुभेदार, जड आहे हो ही.”

“शेतकऱ्याला बी जडच हाय. नंबर घावला का?”

“माझ्याच तोंडावरून खाली जायला येईना!”

“मग? तुमच्या फोटुनं मोटर फिरती का?”

दुकानातली पोरं तोंड फिरवून हसली. अण्णांचा फेटा पानाच्या तळाशी गेला, वर आलं ‘मोटर जळाली? आणून द्या, कधी मिळेल ते आत्ताच सांगतो’. पण अण्णा मनातून दुखावले ते दुखावलेच, आणि पुढच्या वर्षी त्यांनी पुण्याच्या कुणाकडून फेटा परत वर आणला. सुभेदारांचं असंच व्हायचं. बोलायला फटकळ. गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाची काळजी करता करता स्वतःचं गिऱ्हाईक घालवायचे. त्याचं त्यांना फारसं काही वाटतही नसे. मला वाटायचं, या माणसाला कधी कशाची घाई होत नाही. वेबसाइट झाल्यावर लोक रोज विचारायचे, ‘सर्चमध्ये वर आली का, वर आली का’. हे म्हणायचे, “पेरल्यालं रोज उकरून बघू नगा.”

मग त्यांच्या भावाची वेळ आली.

थोरले भाऊ वाडीतच राहायचे. सुभेदार त्यांना दादा म्हणत. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आणि घोंगड्यांचा माग. सुभेदार अठराव्या वर्षी भरतीला पळाले, आणि पळता आलं ते दादा मागावर बसून राहिले म्हणून. हे मला सुभेदारांनी कधी सांगितलं नाही, त्यांच्या मंडळींनी सुनंदाला सांगितलं, मशीन परत न्यायला आल्या तेव्हा. आता मेंढरं दुसऱ्यांची, लोकर विकतची, वाडीतले बाकीचे माग सरपणात गेलेले. दादांचा एकटा राहिला होता, आणि घोंगडी घेणारी माणसं बाजारातून दिसेनाशी झाली होती. दादांचा मुलगा मुंबईला. त्याने बापासाठी एका सोसायटीत वॉचमनची जागा बघून ठेवली होती. दादा म्हणाले होते, दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर जातो.

“दादा मुंबईला खुर्चीवर बसून गेट उघडणार,” सुभेदार माझ्यासमोर म्हणाले.

घोंगडीची वेबसाइट त्यांनी केली ती त्यांच्या सगळ्यांत चांगल्या कामांपैकी होती. वर दादांचे हात आणि काळ्या लोकरीचं सूत. चिंचोक्याची खळ लावून सूत कसं ताठ करतात ते दोन ओळींत. घोंगडी पहिले काही दिवस टोचते, हेही लिहिलेलं. ‘हे कशाला?’ मी म्हणालो. “टोचणारच. आधी सांगिटलं म्हंजी परत न्हाई करत.” किती लांबीची, धुवायची कशी, वाडीला यायची एसटी कुठून. सगळ्यात वर मोठा नंबर, सुभेदारांचा स्वतःचा. काना-मात्रेशिवाय मला काही करायला ठेवलं नव्हतं.

आणि फोन वाजला नाही.

श्रावण गेला, गणपती गेले. मी बघत होतो, हा माणूस आता दिवसातून कितीतरी वेळा स्वतःच सर्चमध्ये ‘घोंगडी’ लिहून बघत होता. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. कारखान्यात बनलेल्या ब्लँकेटवाल्यांची पानंच्या पानं वर, दादा कुठेतरी तळाशी. मी धीर द्यायला म्हणालो, “पेरलेलं उकरून बघू नका म्हणता ना तुम्हीच?”

“दुसऱ्याच्या रानाला म्हनलो होतो,” ते म्हणाले.

एक दिवस मजकुराचा गठ्ठा घेऊन आले. मी वाचायला लागलो आणि थांबलो. ‘सातारा घोंगडी. सांगली घोंगडी. कराड घोंगडी. मिरज घोंगडी. उत्तम घोंगडी, अस्सल घोंगडी, स्वस्त घोंगडी.’ प्रत्येक गावाचं वेगळं पान, आत मजकूर तोच, गाव फक्त बदललेलं. जणू प्रत्येक गावात दादांची शाखा आहे.

“सुभेदार, हे काय? मिरजेत कुठे आहे दुकान?”

“न्हाई.”

“मग मिरजेचा अडलेला माणूस—”

“लेखक!” त्यांचा आवाज चढला. सुनंदाने मान वर केली. “तुमी काना-मात्रा बघा. दिवाळी आलीया.”

मी काना-मात्रा बघितल्या. त्यात एकही चूक नव्हती.

त्याच आठवड्यात त्यांनी आणखी एक केलं. त्यांच्या पलटणीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, देशभर पसरलेले जुने गडी. नकाशावर दुकानाची जी नोंद असते, तिच्याखाली लोक तारे देतात, चार शब्द लिहितात. सुभेदारांनी ग्रुपवर टाकलं, माझ्या भावाचा माग बंद पडतोय, मदत करा. आता जवानाला सांगितलं मदत करा, तर तो उद्यावर टाकतो होय? एका दुपारी, पाठोपाठ, पंजाबातून, बिहारातून, तामिळनाडूतून, सगळ्यांनी एकदम सलामी दिली. पाच तारे, पाच तारे, पाच तारे. ‘बढ़िया कंबल. जय हिंद.’ ‘नंबर वन कंबल. जय हिंद.’ एकाने लिहिलं, फार मऊ आहे. घोंगडी मऊ! एकाने दुकान कसलं तेच विसरून जेवणाचीही तारीफ केली होती.

ते वाचून मी खूप हसलो. सुभेदारही मिशीत हसले. “गडी हाय का न्हाई माजे?”

दुसऱ्या दिवशी नकाशावरून दादा गायब झाले. ‘खोटे अभिप्राय’ म्हणून नोंद स्थगित. आणि काही दिवसांत ती सगळ्या गावांची पानंही सर्चमधून गेली, त्यांच्याबरोबर मूळचं चांगलं पानही. ‘घोंगडी’ लिहा, दादांचं नाव लिहा, वाडीचं नाव लिहा, काही नाही. असा कुणी माणूस नव्हताच, असं.

त्यानंतर मी माडीवर गेलो तेव्हा ते कॉम्प्युटरसमोर बसून सर्चवाल्यांकडे अर्ज करत होते. चूक झाली, दुकान खरं आहे, माणूस खरा आहे, हे त्याच्या मागाचे फोटो. तिकडून ठरलेलं उत्तर आलं होतं. त्यावर त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, शब्दही न बदललेलं.

“आमी बर्फात बसून हाका मारायचो,” ते स्क्रीनकडे बघत म्हणाले. “खरखर असायची, आवाज तुटायचा. पर पल्याड कोनतरी असायचंच. आज न्हाई तर उद्या ‘बोल’ म्हनायचं. हितं मी ओव्हर म्हनतोय, म्हनतोय... पल्याड कोनच न्हाई गड्या.”

मी खुर्ची ओढून त्यांच्या अर्जातल्या काना-मात्रा बघायला लागलो.

दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याबरोबर वाडीला गेलो. त्यांना एकट्याने जायचं नव्हतं एवढंच मला कळलं. दादा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते, शेवटची घोंगडी उतरवत होते. भावापेक्षा बुटके, आवाज हळू. आम्हाला चहा सांगितला.

“दादा, थोडं थांब,” सुभेदार उभ्यानेच म्हणाले. “म्या पुन्यांदा अर्ज घातलाय. खोटी पानं समदी काढतोय. हिवाळा आला की मान्सं शोधत्यात. संक्रांतीपतोर थांब.”

“थांबून काय करू रं? घरात सूत न्हाई, कोन घेनार न्हाई. पोरगं कवाधरनं बोलावतंय.”

“म्या चुकलो. माज्यामुळं गेलं त्ये.”

दादांनी कात्रीने एक धागा कापला. “आरं, आदुगर तरी कोन येत हुतं? तू लांबनं हाका मारतुयास, म्या ऐकतुय की. लोकास्नीच ऐकू येत न्हाई, त्याला तू काय करशील?”

सुभेदार बाहेर गेले. भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. दादांनी खड्ड्यावर फळ्या टाकल्या, त्यावर पोतं अंथरलं आणि मला म्हणाले, “बसा पावनं, आता हितं बसाय येतंय.”

पाडवा झाल्यावर दादा एसटीने गेले.

त्यानंतर सुभेदारांनी जे केलं ते कशासाठी केलं हे मी तेव्हा विचारलं नाही. त्यांनी ती गावोगावची पानं एकेक करून काढली. पलटणीतल्या प्रत्येकाला फोन करून लिहिलेलं मागे घ्यायला लावलं. पंजाबातला एक ऐकेना, ‘मैंने दिल से लिखा है’ म्हणून अडून बसला. त्याच्यावर हे आधी ओरडले आणि मग फोनवरच रडले, असं त्यांच्या मंडळींनी सांगितलं. शेवटी उरलं ते पहिलं साधं पान. दादांचे हात, काळं सूत, टोचते म्हणून सांगणारी ओळ.

आणि थंडी पडल्यावर ते पान वर आलं. हळूहळू, कुणी न ढकलता, आधी दुसऱ्या पानावर, मग पहिल्या, मग सगळ्यात वर. फोन वाजायला लागला.

एक मी स्वतः ऐकला. सुभेदार आमच्या दुकानात बसले होते. मंडळींचं मशीन पुन्हा बिघडलं होतं. सांगलीहून कुणी बोलत होतं, आवाज बाहेरपर्यंत येत होता. वडील दवाखान्यातून घरी आलेत, गादीवर पडून राहायला तयार नाहीत, म्हातारपणी एकच हट्ट, मला घोंगडीवर निजवा. आम्ही आत्ता निघालो तर मिळेल का?

“न्हाई हो,” सुभेदार म्हणाले. “माग बंद झाला.” मग दुसऱ्या एका गावातल्या विणकराचं नाव सांगितलं, तिथे जायचा रस्ता सांगितला, नीट, वळणं सांगून. “वडलांस्नी जपा. ओव्हर.” आणि फोन कानाला लावून थांबले. पलीकडच्याने कधीच ठेवला होता.

जरा वेळाने त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. “लेखक, ह्ये तेवढं शुद्ध बघा. वरच्या ओळीला टाकायचंय.”

लिहिलं होतं: ‘माग बंद आहे. घोंगडी मिळणार नाही. लांबून येऊ नका.’

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग सवयीने पेन काढून ‘बंद’च्या आधी एक शब्द घातला: ‘सध्या’.

त्यांनी कागद ओढून घेतला, तो शब्द बघितला आणि त्याच्यावर एक आडवी रेघ मारली. रागाने नाही, अगदी हलक्या हाताने.

“अडल्याला मानूस ‘सध्या’वर बसून ऱ्हातो वो,” ते म्हणाले. “त्याला सरळ सांगायचं असतं.”

मशीन तयार होतं. रिक्षा बोलावतो म्हटलं तर नको म्हणाले. पहिल्या दिवशी आले होते तसे ते खांद्यावर घेतलं आणि चौकाच्या बाजूने निघून गेले, पाठ ताठ ठेवून, पण पावलं आखूड टाकत. पुढे ते मंडळींना घेऊन लेकीकडे कोल्हापूरला राहायला गेले. नंतर भेट नाही.

त्या दिवशी ते दिसेनासे झाल्यावर मी फोन काढून घोंगडीचं पान उघडलं. वरची ओळ अजून बदललेली नव्हती. मी बघत राहिलो, तसा नंबर समोरच दिसला. दादांच्या हातांच्या वर, बोट लावलं की लागेल असा. सुनंदा एका मशीनमध्ये डोकं घालून बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, “त्यांनी नंबर ठेवलाय का हो वर?”

“ठेवलाय,” मी म्हणालो. “माग बंद झाल्यावर खरं तर तोही काढायला—”

“तुम्ही शहाणपणा करून सांगायला जाऊ नका,” सुनंदा म्हणाली. “राहू दे.”